जेवणघर कसे असावे?

आपल्या शाळेच्या मागच्या इमारतीतील हस्तकलेची जुनी खोली यंदा रिकामी झाली आहे. तेथे मुलांसाठी भोजनकक्ष करावा असे विश्वस्त मंडळाने ठरविले आणि पालकांकडून सूचना मागविल्या. आलेल्या सूचनांत ग्रॅनाइटची टेबले आहेत, प्लास्टर ऑफ पॅरिसचे नक्षीदार छत आहे, रंगीत दिवे आहेत, भिंतभर फळांची चित्रे आहेत. सूचना मनापासून आल्या आहेत, याबद्दल पालकांचे आभार. पण त्यांपैकी बहुतेक सूचना खोली दिसेल कशी याविषयी आहेत. तेथे बसून जेवणाऱ्या मुलाला कसे वाटेल, हा विचार थोड्याच जणांनी केला आहे. म्हणून या अंकाचा पाठ जेवणघरावर.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, जेवणघर म्हणजे घरातली अशी जागा, जिथे सर्व माणसे दिवसातून एकदा तरी एकमेकांसमोर येतात. दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजवतात, झोपायची खोली प्रत्येकाची वेगळी. जेवणघराला मात्र तीन माणसांची सोय पाहावी लागते : जेवणारा, वाढणारा आणि नंतर आवरणारा. या तिघांची सोय झाली की खोलीला आपोआप एक डौल येतो. नुसत्या जेवणाऱ्याची झाली, तर खोली देखणी दिसते आणि घरातले कोणीतरी एक माणूस कायम उभे राहते. ते माणूस कोण, हे सांगायला नको.

पंगतीची रचना

आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी लष्करातल्या वाड्यांमधून जेवायला वेगळे टेबल नव्हते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या माजघरात किंवा पडवीत पाट मांडत. सणावाराला पंगत बसे. पंगतीला आपण जुनी रीत म्हणतो, पण नीट पाहिले तर ती खोली मांडण्याची विचारपूर्वक केलेली योजना आहे.

दोन ओळी समोरासमोर. मधे वाढप्याला जाता येईल आणि वाकून दोन्हीकडे वाढता येईल एवढी वाट. त्यामुळे वाढणारा कोणाच्या पाठीमागून येत नाही, जेवणाऱ्याला मान वळवावी लागत नाही आणि कोणाच्या पानात काय संपले हे वाढप्याला एका नजरेत दिसते. पाटापुढे पान किंवा ताट, भोवती रांगोळीची महिरप. ही रांगोळी शोभेची तर आहेच, पण ती प्रत्येकाची जागा आखून देते. दोन पानांमध्ये किती अंतर ठेवायचे हे रांगोळी काढणाऱ्या मुलीच्या हाताला बरोबर कळत असे.

पानाचेही तसेच. केळीच्या पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. जे थोडे थोडे, तोंडी लावायचे, ते डावीकडे. जे पुन्हा पुन्हा घ्यायचे, ते उजव्या हाताच्या जवळ. ठरलेली जागा असल्यामुळे पन्नास पानांची पंगत असली तरी वाढपी चुकत नसे. कोशिंबिरीचा वाढपी डावीकडेच पाहत जाई, भाजीचा उजवीकडे.

समई पाटाच्या शेजारी, जमिनीवर. तिचा उजेड थोडा, पण तो पानावर पडे. बसणाऱ्यांचे चेहरे त्या पिवळसर उजेडात दिसत आणि खोलीचे कोपरे अंधारात राहत. पुढे दिव्याची चर्चा येईल तेव्हा ही समई लक्षात ठेवा.

इथपर्यंत पंगतीचे कौतुक झाले. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हा पाठ आहे, गौरवलेख नाही. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुले बसत. घरातल्या बायका सर्वांत शेवटी, निवलेल्या भातावर आणि उरलेल्या आमटीवर जेवत. कोणाच्या पंक्तीला कोणी बसायचे, कोणाला अंगणात वाढायचे, हे जातीवर ठरे. मराठीत ‘पंक्तिभेद’ आणि ‘पंक्तिप्रपंच’ असे दोन शब्द आहेत, ते काही उगाच तयार झालेले नाहीत. एकाच ओळीत बसवून एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढणे, हा पंक्तिप्रपंच. जेवणाच्या जागेची मांडणी माणसांना जवळ आणते, तशी ती त्यांना वेगळेही काढते.

हे ज्यांनी ओळखले त्यांच्यापैकी एक कर्मवीर भाऊराव पाटील. 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एकाच पंक्तीत जेवत. शंभर वर्षांपूर्वी ही साधी गोष्ट नव्हती. पंगत तीच राहिली. तिच्यात कोण कोणाशेजारी बसणार, हे बदलले.

आपल्या गावचे मोठे टेबल

ग्वाल्हेरच्या मुलांना टेबलावरच्या जेवणाचे सर्वांत थाटाचे उदाहरण लांब शोधायला नको. जयविलास राजवाडा 1874 साली जयाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत बांधून पूर्ण झाला. मायकेल फिलोज हे त्याचे वास्तुविशारद. दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत आणि ती टांगण्याआधी छत भार सोसेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. सहलीला गेलेली मुले झुंबरे पाहून माना दुखवून घेतात. माझ्या मते तिथली जास्त शिकण्यासारखी वस्तू भोजनगृहात आहे : टेबलावर रुळांवरून धावणारी चांदीची छोटी आगगाडी.

माधवराव शिंदे यांना रेल्वेचे वेड होते. ही गाडी जेवणानंतरची पेये आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे. एखाद्याने डब्यातील बाटली उचलली की गाडी थांबे, बाटली जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. गंमत म्हणून ही गाडी प्रसिद्ध आहे, पण तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. लांबलचक टेबलावर एका टोकाची वस्तू दुसऱ्या टोकाला पोचणार कशी? पंगतीत वाढपी मधून चालतो. टेबलाच्या मधून कोणी चालू शकत नाही, म्हणून पाहुण्यांच्या पाठीमागे नोकर उभे करावे लागतात, नाहीतर आगगाडी आणावी लागते.

आपल्या घरी नोकरही नाहीत आणि आगगाडीही नाही. म्हणून घरचे टेबल लहान असावे. सर्वांचा हात मधल्या भांड्यापर्यंत पोचला, तर भांडी मध्ये ठेवून सगळ्यांनाच एका वेळी बसता येते. डायनिंग टेबल आपल्याकडे आले ते साहेबी थाट म्हणून. त्याचा खरा उपयोग मात्र हा, की वाढणारीलाही खुर्ची मिळाली. ज्या घरी टेबल आहे आणि तरी आई ओट्याजवळ उभी राहून गरम पोळ्या करीत वाढते आहे, त्या घरी टेबल नुसते आणून ठेवले आहे, एवढेच म्हणता येईल. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर थोड्या निवतात, हे खरे. पण तेवढे चालवून घ्यावे.

मापे

आता वही-पेन्सिल घ्या. टेबलाशी बसलेल्या एका माणसाला रुंदीत सुमारे 60 सेंटिमीटर म्हणजे दोन फूट जागा लागते. यापेक्षा कमी झाली की कोपराला कोपर लागते. सहा जणांसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन धरले, तर टेबलाची लांबी 180 आणि रुंदी 90 सेंटिमीटर घ्यावी. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि मागून एकाला जायला आणखी 90 सेंटिमीटर तरी हवेत. म्हणजे टेबलाच्या चारही बाजूंना 90 मिळवा. लांबी 180 + 90 + 90 = 360 आणि रुंदी 90 + 90 + 90 = 270. सहा माणसांचे टेबल नीट मांडायला साधारण बारा फूट बाय नऊ फूट मोकळी जागा लागते. दुकानात टेबल पसंत करताना आपण फक्त टेबल मोजतो, भोवतीचे तीन फूट विसरतो आणि मग रोज पोट आत ओढून फ्रिजपाशी जातो.

जागा कमी असेल तर एका बाजूला भिंतीला लागून बाक टाकावा. बाक मागे सरकवावा लागत नाही, म्हणून त्या बाजूचे तीन फूट वाचतात. मुलांना बाक आवडतोही. चार माणसांच्या घरात गोल टेबल चांगले, कारण सगळ्यांना सगळ्यांचे तोंड दिसते. 120 सेंटिमीटर व्यासाच्या टेबलाचा परीघ 3.14 × 120 = 376.8 सेंटिमीटर. त्याला 60 ने भागा. सहा बसतील, पण दाटीवाटीने. चार-पाच आरामात बसतील.

उंचीचे माप मोठ्यांसाठी ठरलेले आहे : टेबल साधारण 75 सेंटिमीटर, खुर्चीची बैठक 45. लहान मुलांना हे माप लावणे चुकीचे. पाय लोंबकळत असलेले मूल स्थिर बसत नाही, चुळबुळ करते, आणि आपण त्यालाच रागावतो. साधा नियम असा : बैठकीची उंची गुडघ्यामागच्या खळीइतकी, म्हणजे पाऊल जमिनीला टेकते. टेबल कोपराच्या पातळीला, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत. पहिलीतल्या आणि सातवीतल्या मुलांना एकच टेबल-बाक पुरणार नाही. शाळेने दोन उंचींचे करावेत आणि खोलीचे दोन भाग ठेवावेत.

उजेड

एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. 6500 असेल तर उजेड निळसर पांढरा, 2700 ते 3000 असेल तर पिवळसर. जेवणाच्या जागेला दुसरा घ्यावा. निळसर उजेडात वरण फिके दिसते आणि माणसेही आजारी दिसतात. आणखी एक आकडा काही खोक्यांवर ‘सीआरआय’ म्हणून असतो. वस्तूचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतील हे तो सांगतो. पूर्ण आकडा 100. जेवणघरात 80 पेक्षा कमी नसावा, 90 मिळाला तर उत्तम. टोमॅटोची कोशिंबीर लाल दिसायची असेल, तर दिव्याच्या उजेडात लाल रंगाचा भाग पुरेसा असावा लागतो.

आता समई आठवा. तिचा उजेड पानावर पडत होता. ट्यूबलाइट आली, ती भिंतीवर उंच चढली. जो तिच्याकडे पाठ करून बसतो त्याची सावली त्याच्याच ताटात पडते. यावर उपाय म्हणजे टेबलाच्या वर, मधोमध, टेबलापासून 75 ते 90 सेंटिमीटर उंचीवर टोपी असलेला दिवा टांगणे. उजेड अन्नावर आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर पडतो, डोळ्यांवर येत नाही.

मासिकांतल्या चित्रांत हे छान दिसते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि टेबलावर पंखा हवाच असतो. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असला, तर पात्यांची सावली ताटावर सारखी नाचत राहते. असे जेवण पाच मिनिटांत डोके उठवते. म्हणून दिवा पात्यांच्या खाली यावा किंवा दोन बाजूंच्या भिंतींवर दिवे लावून पंखा मध्ये ठेवावा. हा मुद्दा इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवावा. छत झाल्यावर तो ऐकत नाही.

रंगांविषयी फार लिहीत नाही. भिंती फिक्या आणि पुसता येतील अशा असाव्यात. चित्र एकच असावे आणि ते मुलांनी काढलेले असावे.

गोंगाट

शाळेच्या भोजनकक्षात सर्वांत मोठा प्रश्न सौंदर्याचा नसून आवाजाचा असतो आणि सूचनांत त्याचा उल्लेख एकानेही केला नाही. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. फरशी, काच, ग्रॅनाइट, गिलावा हे सगळे कठीण पृष्ठभाग जवळजवळ सगळा आवाज परत पाठवितात. खोली घुमते. घुमणाऱ्या खोलीत शेजारच्याचे ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक जण जरा मोठ्याने बोलतो, त्यामुळे गोंगाट वाढतो, म्हणून सगळे आणखी मोठ्याने बोलतात. मग बाई येऊन “शांत बसा!” म्हणतात, तेही घुमते.

यामागचे गणित वॉलेस सबाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने शोधले. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात शब्दच कळत नव्हते, कारण आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सबाइनने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणल्या, व्याख्यानगृहात पसरल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून सूत्र निघाले : काळ (सेकंद) = 0.161 × खोलीचे घनफळ ÷ शोषण.

आपली खोली धरू या 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3.5 मीटर उंच. घनफळ 210 घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून पृष्ठफळ 232 चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा सुमारे शेकडा 3 भागच शोषतात, म्हणून शोषण सुमारे 7. आता 0.161 × 210 = 33.8, त्याला 7 ने भागले की 4.8 सेकंद. रिकामी खोली एवढा वेळ घुमेल. मुले बसली की थोडे कमी होईल, पण पुरेसे नाही. आता अर्ध्या छताला, म्हणजे 30 चौरस मीटरला, शेकडा 70 आवाज शोषणारे सच्छिद्र तक्ते लावले, तर शोषण 21 ने वाढते. 33.8 ÷ 28 = 1.2 सेकंद. नक्षीदार छताच्या पैशांत हे काम होण्यासारखे आहे. ग्रॅनाइटऐवजी लाकडी फळीची टेबले घेतली, तर स्टीलच्या डब्यांचा खणखणाटही कमी होईल. बाकांच्या पायांना रबरी टोप्या लावाव्यात, हा तर अगदी किरकोळ खर्च आहे.

आपली खोली

ती 60 चौरस मीटरची आहे. वाटेसकट एका मुलाला सव्वा चौरस मीटर धरले, तर 48 मुले बसतात. नव्वद मुले कोंबण्यापेक्षा दोन पाळ्या कराव्यात. खोलीला दोन दारे आहेत, ही मोठी सोय. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. हात धुण्याचे नळ आतल्या दाराबाहेर, व्हरांड्यात, पहिलीतल्या मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर. आत ठेवले तर रांग जेवणाऱ्यांच्या पाठीवर उभी राहील.

एक गोष्ट पालकांसाठी. डब्याचे झाकण आडवे धरून, त्याच्या आड खाणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. कोणाच्या डब्यात रोज पनीर असते, कोणाच्या डब्यात रोज पोळी आणि लोणचे. पंक्तिप्रपंच आपण बंद केला असे आपण समजतो, पण तो डब्यांतून शाळेत येतो. माझी सूचना अशी, की सहा-सहा मुलांच्या प्रत्येक टेबलावर मध्ये एक मोठे वाडगे असावे आणि त्यात शाळेने रोज काकडी, गाजर, मुळा किंवा मोड आलेली मटकी द्यावी. वाढायचे मुलांनीच, पाळीपाळीने. ज्याची पाळी, तो सर्वांना वाढून मग बसेल. प्रत्येक टेबलाशी एक जागा शिक्षकांसाठी असावी आणि त्यांनी आपला डबा तिथेच आणावा. यासाठी फार पैसे लागत नाहीत. लागतो तो भाजी चिरायला रोज एक माणूस, आणि त्याविषयी विश्वस्त मंडळाने विचार करावा.

स्वाध्याय

इयत्ता पाचवी ते सातवी : घरी जिथे जेवता त्या जागेचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढा. दिवा, पंखा, दार, पाण्याची जागा दाखवा. एक आठवडा रात्रीच्या जेवणाला कोण कितव्या मिनिटाला बसले आणि कितीदा उठले, याची नोंद करा.

इयत्ता आठवी ते दहावी : आपल्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजून वरील सूत्राने तो किती सेकंद घुमेल ते काढा. मग वर्ग रिकामा असताना एकदा जोरात टाळी वाजवून आवाज किती वेळ रेंगाळतो ते घड्याळाने पाहा आणि दोन्ही उत्तरांत फरक का पडला ते लिहा.

नकाशे चित्रकलेच्या वर्गातील कपाटात ठेवावेत. भोजनकक्षाचा आराखडा करताना ते समोर ठेवले जातील.